शेवटच्या बाकावरचं प्रात्यक्षिक

आईशप्पथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी तिथे नव्हतो, एवढंच.

गणोरकर सर शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात मूल्यमापन शिकवत. "पोरानं उत्तर घडाघडा म्हटलं म्हणजे तो शिकला असं नाही. शिकवलेलं करून दाखवलं, तरच मार्क," हा त्यांचा मंत्र, आणि सराव पाठात नापास करणं हा छंद. त्यांची विद्यार्थिनी कुमुदिनी त्या छंदाला दोनदा बळी पडली होती. आता नापास झाली तर तिचं वर्ष वाया जाणार होतं.

या वेळी तिच्या वाट्याला तिसरीचा वर्ग आणि 'झोपेचे फायदे' हा विषय आला. सर श्रीखंड-पुरी चापून शेवटच्या बाकावर टेकले आणि ती फळ्यावर विषय लिहितेय तोवर घोरू लागले. पोरं तोंडात रुमाल कोंबून बसली.

घंटा झाली तसे सर दचकून उठले.

"नापास," ते म्हणाले. "मूल्यमापन कुठाय, बाई? शिकवलेलं एकानं तरी करून दाखवलं का?"

"दाखवलं ना, सर," कुमुदिनी नम्रपणे म्हणाली. "पोरं नुसती ऐकत होती, पण शेवटच्या बाकावर एकानं घंटा होईपर्यंत करून दाखवलं. त्याला मी पैकीच्या पैकी दिलेत. नाव प्राचार्यांना कळवू का?"

सरांनी लगेच शेरा लिहिला, 'पास. पाठ अत्यंत परिणामकारक.'

आता कबूल करतो, घोरणं मी पदरचं घातलंय. सर अगदी आवाज न करता झोपतात. घोरतात ती त्यांच्या तासाला बसलेली मंडळी.