उताराचे शेत

पूर्वी गोदावरीच्या काठी, अस्सक देशात अंजन नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व एका खेड्यात तीळ पिकवणाऱ्या घरात धाकटा मुलगा होऊन जन्मला. त्याचे नाव महीधर. मामाबरोबर तो लहानपणीच तक्षशिलेला गेला आणि तरुण होऊन परतला. तोवर आईवडील राहिले नव्हते. थोरला भाऊ नंदिक घर चालवीत होता.

तक्षशिलेत महीधर शेती आणि पशुपालन शिकला होता. आचार्यांची एक गोष्ट त्याच्या मनात खोल रुतली होती, की शेतात एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न असते. गायीचे शेण वाफ्याला, वाफ्यातला पेंढा गायीला, तळ्यातला गाळ भाताला, भातातल्या गोगलगायी बदकांना. गावात मात्र पावसाळ्यात तीळ होत आणि पुढे पावसापर्यंत जमीन उघडी पडे. पाऊस चुकला की चुली थंड. हे पाहून त्याला झोप लागेना.

तो नंदिकाला म्हणाला, "दादा, नदीकडचा तुकडा मला दे."

"उताराचं शेत? घे. तिथं तीळही रुसतात."

इतर सगळीकडे नदीची दरड उभी होती. त्या एकाच ठिकाणी जमीन हळूहळू पाण्यापर्यंत उतरे आणि नदी पायी ओलांडता येई. म्हणून ते उताराचे शेत. महीधराने उतार पाहिला आणि पाणी कुठे साठेल ते पाहिले. नदी तिथून कोण ओलांडते, हे त्याने विचारले नाही. त्याला ते कोणी सांगितलेही नाही, कारण गावात ते सर्वांनाच ठाऊक होते.

त्याने आणि त्याची पत्नी सोमा हिने पावसाआधी तळे खणले. तळ्यात शिंगाडा लावला, बदके सोडली, बांधावर लिंबाची आणि शेवग्याची रोपे लावली. पावसात भात लावला आणि तो निघाल्यावर तळ्याच्या पाण्यावर हरभरा पेरला. मग गुरे शिरू नयेत म्हणून सगळ्याभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले. माघात हरभरा घाटे धरू लागला. सारा गाव उघडा असताना तो एक तुकडा हिरवा होता.

पण कामाला अंत नव्हता. सोमा पहाटे उठे ती बदके कोंडल्यावरच टेके. एकदा ती म्हणाली, "अहो, तुमची विद्या चांगली आहे. पण तिला हात नाहीत. ती माझेच वापरते."

महीधराला ते पटले. एका घराला हे पेलणारे नव्हते. चार घरांनी वाटून घेतले, तर कोणाची पाठ मोडणार नव्हती. त्याने गावच्या पंचांना शेत पाहायला बोलावले. पौर्णिमेला ते येणार होते. त्यांना पटले, तर शेजारची घरे यात उतरणार होती. न पटले, तर पुढच्या पावसाळ्यात तुकडा नंदिकाच्या तिळाखाली जाणार होता.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी कुंपणापाशी धूळ उडाली. वेळुक नावाचा म्हातारा धनगर मेंढरे घेऊन उभा होता. वरच्या अंगाला पाऊस झाला नव्हता, म्हणून तो या वर्षी लवकर खाली आला होता. नदीपलीकडे चारा होता. मेंढ्या गाभण होत्या आणि त्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

वेळुक म्हणाला, "वाट इथनं होती."

"आता पीक आहे, बाबा," महीधर म्हणाला. "दुसरीकडून उतरता येणार नाही?"

"येतं की. डोंगराला वळसा घालून, उद्या सांजेला. वाटेत पाणी नाही." त्याने काट्यांवरून काठी फिरवली. "कुंपण झ्याक घातलंस. बकरीसुद्धा घुसायची नाही."

एवढे बोलून त्याने मेंढरे वळवायला सुरुवात केली. त्याने दुसऱ्यांदा विचारले नाही. कळपातली एक मेंढी खाली बसली, ती उठेना. वेळुकाने तिला खांद्यावर घेतले.

सोमा नवऱ्याजवळ आली. "उद्याचा दिवस जाऊ द्या. पंच बघून गेले की उघडा."

"उद्यापर्यंत ती उभी राहतील?"

सोमाने कळपाकडे पाहिले. मग ती बदके गोळा करायला गेली. महीधराने हाताला फडके गुंडाळले आणि कुंपणाचे काटे ओढून काढले.

तहानलेला कळप थोपवता येत नाही. मेंढरे हरभऱ्यातून गेली. कोवळी रोपे त्यांनी जाता जाता खुडली. सगळी एकदम तळ्यावर कोसळली, तेव्हा खुरांखाली ओला बांध ढासळला. पाणी नदीकडे धावले. वेळुक हाका मारीत होता, पण मेंढरे पीत होती आणि ती कोणाचे ऐकत नव्हती. संध्याकाळी कळप नदीपार झाला. एकही मेंढी मेली नाही.

सकाळी पंच आले. चिखलात शिंगाड्याचे वेल आडवे पडले होते. काय घडले ते महीधराने लपवले नाही. बांध पुन्हा घालता येईल, असेही तो म्हणाला.

सर्वांत वृद्ध पंच म्हणाला, "मेंढरांना वाट दिलीस, चांगलं केलंस. पण पोरा, तुझं सगळं एकमेकांत अडकलंय. तळं गेलं की हरभरा गेला, बदकं गेली. आमचे तीळ बुडाले तर नुसते तीळ बुडतात."

महीधराजवळ उत्तर होते, पण दाखवायला शेत नव्हते.

नंदिक म्हणाला, "तक्षशिलेहून विद्या आणली आणि मेंढरांना चारली." लोक हसले. सोमा हसली नाही. तिचे हात फुटलेले होते.

पावसात त्या तुकड्यात तीळ पेरले गेले. ते निघाल्यावर वेळुक परत आला आणि न बोलावता त्याने कळप रात्री तिथेच बसवला. मेंढ्यांच्या लेंड्यांनी रान काळे झाले. सोमा त्या खताबद्दल धान्य घेऊन गेली, ते त्याने घेतले नाही. तो मागे उभ्या महीधराला म्हणाला, "कडेनं दोन हात वाट ठेवली असतीस, तर दरसाल बसवला असता. तुझा हरभरा बघायला मलाही आवडलं असतं."

पुढच्या वर्षी तिथले तीळ गावात सर्वांत दाणेदार झाले. नंदिक म्हणाला, "बघ, या जमिनीला तीळच मानवतात." महीधर शेताच्या कडेला जाऊन उभा राहिला. दोन हात जागा तिथे तेव्हाही होती. त्याने नुसते पायांनी ती मोजली आणि तो घरी आला.

विहारात एका तरुण भिक्खूने फुलझाडांचे वाफे करून विहिरीची वाट बंद केली होती. शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा त्याच्यासाठी सांगितली आणि ही गाथा म्हटली:

हाताशी होते ते जोडिले,
दाराशी येते ते विसरले,
कुंपण दयेने उघडिले,
परी उशिरा.

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा नंदिक म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारा तेली. वेळुक म्हणजे दाराशी बसलेला हा म्हातारा भिक्खू. सोमा आज याच नगरात विणकरीण आहे. तिचे हात अजून फुटतात. आणि महीधर मीच होतो. त्या दिवशी करुणा धावत आली. अप्रमाद, म्हणजे सावध भान, आधीच जागा असता, तर तिला धावावे लागले नसते, आणि ते शेतही राहिले असते."