चार दिव्यांना एवढंसं घड्याळ

एकदा एक बाई आपल्या गुरूकडे रडकुंडीला येऊन पोहोचली. गुरू म्हणजे कोणी संन्यासी नव्हे; गिरणीत चाळीस वर्षे वायरमनकी करून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. सारे त्यांना आबा म्हणत. बाई त्यांच्याकडे विजेची कामे शिकत असे.

बाईचा व्यवसाय ऑर्किडच्या रोपांचा. बंद खोलीत, सहाशे वॅटच्या चार दिव्यांखाली ती रोपे वाढत. सकाळी सहाला दिवे लागावेत, संध्याकाळी सहाला विझावेत, म्हणून तिने टायमर बसवला होता. भाचीच्या लग्नाला तीन दिवस गेली आणि परत येऊन पाहते तो काय, दिवे विझलेलेच नाहीत! निम्मी रोपे करपली होती. उरलेली तिने शेजारणीच्या अंधाऱ्या गॅलरीत ठेवली होती. तिथे ती फार दिवस तग धरणार नव्हती.

"आबा, हिशोब तर तुम्ही शिकवलात तसाच केला. टायमरवर सोळा अँपिअर लिहिलंय, दिव्यांना साडेदहाच लागतात. मग चुकलं कुठे?"

आबांनी जुना टायमर न्याहाळला. "घड्याळ तर मिनिटाला मिनिट बरोबर चाललंय."

"तेच तर कळत नाही!"

दोघे बाजारात गेले. दुकानदाराने एक भलाथोरला टायमर पुढे केला. "हा न्या. याला हत्ती बांधा!"

आबांनी हत्ती बाजूला सारला आणि कपाटातल्या एका पिटुकल्या टायमरकडे बोट दाखवले.

"अहो आबा, त्याच्यावर फार तर पंखा चालेल."

"पंख्याचं राहू दे. वीज गेली तर याला वेळ आठवते का?"

दुकानदाराने प्लग काढला. आत बॅटरी होती. आकडे पुढे सरकतच राहिले.

"हा दे. आणि एक दणकट काँटॅक्टर दे."

बाईला काही उमगेना. सोळा अँपिअरचा जिथे फसला, तिथे हे पोर काय करणार? वयोमानाने आबांची बुद्धी तर फिरली नाही ना? पण गुरूला कसे विचारावे?

बाईच्या घरी आल्यावर आबांनी मेन स्विच बंद केला. दिव्यांच्या जाड वायरी काँटॅक्टर नावाच्या त्या मोठ्या विजेच्या स्विचला जोडल्या आणि टायमरची बारीक वायर फक्त काँटॅक्टरपर्यंत नेली. आता मात्र बाईला राहवले नाही.

"आबा, दिवे टायमरला जोडायचे राहिले की!"

आबा हसले. त्यांनी जुना टायमर उघडून दाखवला. आतली धातूची दोन टोके वितळून एकमेकांना चिकटली होती.

"दिवे चालू असताना साडेदहा घेतात, खरं आहे. पण लागतात त्या क्षणी किती पटीनं ओढतात, ते मोजलंस? उपाशी माणसाचा पहिला घास केवढा असतो! रोज तो हिसका, रोज ठिणगी. शेवटी घड्याळ म्हणतंय सोड, आणि हात सुटत नाही. आमच्या गिरणीत भोंगा वाजवणारा गडी अगदी किडकिडीत होता. त्याच्या एका भोंग्यावर हजार माणसं आत यायची. त्याला कुणी कधी गठ्ठे उचलायला लावले नाहीत. लावले असते, तर एक दिवस भोंगाच वाजला नसता. घड्याळानं वेळ सांगावी. त्याच्या इशाऱ्यावर ओझं उचलायला हा काँटॅक्टर, हा पहिलवान आहे."

"आणि पहिलवान चिकटला तर?"

"झिजेल तोही कधीतरी. पण त्याचा जन्मच ओझ्यासाठी आहे. अधूनमधून बघत जा, झिजला की बदल. घरचा माणूस असतो तसाच तो, डोळ्याआड करू नये."

मेन स्विच पुन्हा लावताच दिवे पेटले होते; संध्याकाळी सहाला काँटॅक्टरमध्ये 'खट्' झाले आणि चारही दिवे एकदम विझले. बाईने अंधारातच त्या पिटुकल्या टायमरवर तळहात ठेवला. तो थंड होता. मग दार उघडून तिने शेजारणीला हाक मारली, "वहिनी, रोपं आणते हो घरी!"

ज्याच्या शब्दावर दहाजण चालतात, त्याच्या डोक्यावर आपण कोणते गठ्ठे ठेवले आहेत, हे प्रत्येकाने आपल्या घरात एकदा हात लावून पाहावे.