झोपेची पेटी

शुद्धलेखनाच्या चुका आणि माझे साधे शब्द पोटात घाला.

फार वर्षांपूर्वी चीनच्या एका बंदरात विलायतेला निघालेली चहाची पेटी आणि मुंबईहून आलेली अफूची पेटी शेजारी ठेवल्या होत्या.

"तुझ्या पोटात काय गं?" चहाच्या पेटीने विचारलं.

"झोप."

"बरं झालं बाई! माझी पानं खुडणाऱ्या लिऊचा खोकल्याने डोळ्याला डोळा लागत नाही. त्याच्याकडेच जा."

"जाईन. पण माझ्या नादी लागलेला माणूस पुन्हा मळ्यात येत नाही."

"मग नको जाऊस!" चहाची पेटी ओरडली. तोवर हमालांनी तिला जहाजावर चढवलं आणि दुसरीला लिऊच्या गावाकडे नेलं.

ही गोष्ट लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती धाकट्या बहिणीला वाचून दाखवली.

"दादा, लिऊ उठला का रे?" तिने विचारलं.

मी चहा गाळत राहिलो.