पहिला होकार रुमाजीचा

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणज्याच्या पणज्याला मिसरूड फुटायच्याही आधी, खाडीकाठच्या खारवली गावात रुमाजी गावकर राहायचा. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. पेरणी असो, लग्न असो, रुमाजी नारळ हातात धरून देवाला साद घालायचा. कुठल्या पाणंदीचा राखणदार देव कोण, कुठल्या झऱ्याला कुणी काय वचन दिलंय, झाडून सगळं त्यात यायचं. आणि प्रत्येक वाक्याला गाव एका तोंडाने होकार द्यायचं, "व्हय म्हाराजा!" त्याच्या आवाजाने पलीकडच्या तीरावरची गुरं कान टवकारायची, असं म्हणतात.

माणूस लाखाचा, पण हट्टी! पोटी मूलबाळ नाही. बायको येसू म्हणायची, "ओ, कोणाक तरी शिकवा. तुमच्या माघारी देवाक हाक कोण मारतलो?"

रुमाजी फणकारायचा, "ह्या आमच्या घराण्याचा गाऱ्हाणा. दुसऱ्याच्या तोंडात गेला काय बाटला!"

आणि व्हायचं तेच झालं. एका भादव्यात रुमाजी तापाने फणफणला, आणि उठला तो मुका होऊन. ओठ हलायचे, आवाज नाही. येसू पदराने त्याचे डोळे पुसायची आणि मग स्वतःचे.

त्यातच अमावास्येचं उधाण आलं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला भगदाड पडू लागलं. आत भात पोटरीला आलेलं. खारं पाणी एकदा शिरलं की कित्येक वर्षं तिथे गवतसुद्धा उगवत नाही. सारं गाव फावडी, टोपल्या घेऊन बांधावर धावलं आणि तिथे नुसतं उभं राहिलं. कारण गाऱ्हाणं घातल्याशिवाय बांधाच्या चिखलाला हात लावायचा नाही, ही रीत. तुम्ही म्हणाल, काय वेडी माणसं! असतील बापडी. पण त्या चिखलाखाली त्यांचा राखणदार बसलेला. त्याला न विचारता फावडं मारायची कुणाची छाती होणार?

पाणी चढत होतं. रुमाजीने नारळ उचलला, तोंड उघडलं. नुसता वारा. आपल्या हट्टापायी गाव उपाशी मरणार, हे त्याला कळून चुकलं.

तेव्हा येसू पुढे झाली. बायकांनी तिथे बोलायचं नसे. तिने ती रीत ठेवली खुंटीला आणि हात जोडले. "बा रवळनाथा म्हाराजा, सगळो गाव तुझ्या पायाकडे उभो आसा..." आणि अडली. पुढचं येईना.

तोच होडीने माणसं पैलतीरी नेणारा तरीवाला भिकाजी ओरडला, "खाडीच्या तोंडाक बसलेल्या म्हापुरसा, तूय ऐक!" भिकाजीच्या धक्क्याच्या या राखणदाराचं नाव रुमाजी घ्यायचा तेव्हा भिकाजीचा होकार सगळ्यांत मोठा असायचा. तेवढं वाक्य त्याच्या कानात घर करून बसलं होतं. मग कुंभारणीने आपल्या मातीच्या खाणीचं म्हटलं, गुराख्याने गुरं चरतात त्या सड्यावरच्या राखणदार देवचाराचं. ज्याचं ठिकाण, त्याच्या तोंडी. तुकड्यातुकड्याने अख्खं गाऱ्हाणं बांधावर उभं राहिलं. तोवर पाणी दाव्याला बांधलेल्या गुरासारखं जागच्या जागी थांबलं होतं, असं म्हणतात.

शेवटचं वाक्य झालं. आता होकार कुणी द्यायचा? सगळेच सांगणारे झाले होते, ऐकणारा उरलाच नव्हता. आणि ज्याने जन्मात ते शब्द कधी उच्चारले नव्हते, त्या रुमाजीच्या घशातून आवाज फुटला, "व्हय म्हाराजा!"

मग धडाधड फावडी पडली. बांध राहिला, भात राहिलं. रुमाजी पुढेही जगला, पण तेवढे दोन शब्द सोडून काही बोलला नाही. देवळात पोराबाळांत बसायचा आणि पोटभर होकार द्यायचा.

आजही खारवलीत गाऱ्हाणं कुणा एकाचं नाही. ज्याचं घर, त्याचं वाक्य. नवी सून आली की सासू आधी ते वाक्य तिच्याकडून घोकून घेते, चूल मागाहून दाखवते. आणि शेवटचं वाक्य झालं की गाव लगेच ओरडत नाही. लहानथोर सगळे श्वास रोखून उभे राहतात. पहिला होकार रुमाजीचा. तो ऐकू आला असं वाटलं, की मगच सारं गाव म्हणतं, "व्हय म्हाराजा!"