धुरपदामायनं ग्रह थांबवले

फार फार वर्षांमागं, नदीवर अजून पूल नव्हता, तेव्हा हिवरवाडीत धुरपदा नावाची सुईण राहायची. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. हात लोण्यासारखे मऊ, पण जीव भारी उतावळा. बसल्या जागीही तिचा पाय हलत असायचा, असं म्हणतात.

त्या साली मावळतीच्या आभाळात ग्रह गोळा व्हायला लागले. आधी शुक्र एकटाच होता. मग तांबडा मंगळ त्याच्याजवळ सरकला, वर गुरू आला, त्याच्याही वर शनी. कुणा वाटसरूनं सांगून ठेवलं होतं, की पाच ग्रह एका रांगेत आले आणि त्यातला खालचा डोंगराला टेकला, की नदी गाव गिळते. झालं! दिवस बुडाला की माणसं ओट्यावर यायची, वर बघायची आणि आत जायची. झोप कुणालाच नव्हती. गुरंसुद्धा दावी ओढायची.

एका संध्याकाळी डोंगरावर बारका बुधही दिसला. पाचही एका सुतात उभे!

गावानं गाड्या जुंपल्या. पोरंसोरं, भांडीकुंडी, देव्हाऱ्यातले देव घेऊन सगळे माळाकडे निघाले. धुरपदाही लेकाच्या गाडीत चढली. तेवढ्यात कुंभाराच्या घरातून कण्हणं आलं. त्याची सून कौतिका अडली होती. तिला हलवायची सोय नव्हती.

धुरपदा खाली उतरली.

"आये, येडी झालीस का? पानी येईल!" लेक महादू ओरडला.

"मलाबी भ्याव वाटतंय रे. तू हो फुडं."

मूल आडवं होतं. धुरपदा पोट चोळायची, दाराशी धावायची, नदीचा कानोसा घ्यायची, पुन्हा आत यायची. नदीचा आवाज वाढतोय असं तिला सारखं वाटायचं. कौतिकानं तिचा पदर धरला. "माय, जाऊ नगं."

"कुटं जातीया मी!" धुरपदा म्हणाली आणि पुन्हा पोट चोळायला बसली.

बुध डोंगराला टेकायला आला. तशी ती अंगणात धावली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "थांबा रे बाबांनो! बाई अडलीया. जरा थांबा!"

आणि ग्रह थांबले, असं म्हणतात. माळावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. बाकीचे तारे सरकत होते, हे पाच मात्र जागचे हलले नाहीत. मग कुंभाराच्या घरातून बाळाचं रडणं थेट माळापर्यंत आलं, आणि ग्रह एकामागून एक खाली उतरले. नदी होती तिथंच राहिली.

लोक परतले, धुरपदाच्या पाया पडले. पण तिला काही चैन पडेना. "पाव्हन्याला थांबवून घेतलं, आन् निरोप द्यायचा ऱ्हायला," ती म्हणायची. रोज दिवस बुडताना नदीकाठी जाऊन उभी राहायची. ते पाच पुन्हा एकत्र कधी आले नाहीत. एका संध्याकाळी ती तशीच मावळतीकडे चालत गेली, ती परत आली नाही. निरोप द्यायला गेली, असं म्हणतात.

हिवरवाडीतल्या बाया आता तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत होतात. तरी सुनेला कळा सुरू झाल्या, की घरातली थोरली बाई अंगणात येते, मावळतीकडे तोंड करते आणि धुरपदामायचं नाव घेऊन म्हणते, "थांबा रे बाबांनो." आभाळ भरून आलेलं असलं तरी म्हणते, भर दुपार असली तरी म्हणते. मग दवाखान्यातून फोन येतो. फोन ठेवून ती पेढ्यांच्याही आधी पुन्हा अंगणात जाते आणि हात जोडते. "सुटली बाई. आता जावा."