तांबटवेस हायस्कूलचे माजी विद्यार्थी

तांबटवेस हायस्कूल पाडून तिथे वाहनतळ करायचा, असं नव्या उपायुक्तांनी ठरवलं होतं. पालिकेच्या भरसभेत त्यांनी माईकवरून विचारलं, “साठ वर्षांत या शाळेनं शहराला दिलं तरी काय?”

मुख्याध्यापिका मुजावरबाई शांतपणे उठल्या. “आमच्या माजी विद्यार्थ्यांनी जरा बाहेर थांबावं.”

इतिवृत्त लिहिणारी लघुलेखिका उठली. माईकवाला माईक बंद करून निघाला. दाराशी उभा असलेला साहेबांचा ड्रायव्हर गाडीची किल्ली टेबलावर ठेवून गेला. नगरसेवकांचे बाकही एकेक करत रिकामे झाले. शेवटी खुद्द महापौरबाईही हसत बाहेर पडल्या.

सभागृहात दोघंच उरले. मुजावरबाई म्हणाल्या, “साहेब, शाळेनं दिलेलं सगळं आत्ता बाहेर उभं आहे. परत बोलावू?”

साहेबांनाही हसू आवरेना. “बोलवा,” ते म्हणाले, “आणि ही वाहनतळाची फाईल तेवढी बाहेर न्या.”