पंतांचं अर्धं टिपण

एका चिमुकल्या संस्थानाचे कारभारी अंताजीपंत टिपणं ठेवण्यात मोठे पटाईत होते. एके दिवशी ते वही घेऊन राणीसाहेबांपुढे उभे राहिले.

“महिनाभरात या सगुणाबाईनं एकवीस वेळा अंगाई म्हटली आणि एकवीसही वेळा बाळराजे रडत होते. हिच्या आवाजानंच ते रडतात. हिला आजच निरोप द्यावा.”

बाळराजांची दाई सगुणाबाई तिथंच उभी होती. बाळराजे जन्मल्यापासून तिच्याच मांडीवर होते. त्यांना सोडून ती जाणार कुठे? पण तिनं आवाज चढवला नाही.

“पंत, हे टिपता कसं तुम्ही?”

“रडणं कानावर आलं की कचेरीतून उठून दाराशी येतो. तू गायला लागलीस की टिपून घेतो आणि कामाला परत जातो.”

“मग आज परत जाऊ नका. शेवटपर्यंत बसून टिपा. त्यानंतरही जा म्हणालात, तर मी गाठोडं बांधते.”

दुपारी बाळराजांनी भोकाड पसरलं. पंत पाळण्याशेजारी वही उघडून बसले. सगुणाबाईनं पाळण्याची दोरी धरली आणि हलक्या आवाजात अंगाई सुरू केली.

काही वेळानं राणीसाहेब निकाल ऐकायला आल्या. वहीत ‘बाळराजे रडत आहेत’ एवढंच लिहिलेलं होतं आणि पुढे लेखणीची एक लांबलचक रेघ पानाखाली घसरत गेली होती.

“काय ठरलं, पंत?” त्यांनी विचारलं.

पंतांच्या खांद्यावरून घसरलेलं उपरणं सावरत सगुणाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, राणीसाहेब. दोघंही आत्ताच निजलेत.”